उजवीकडे बंद, डावीकडे खुला

मित्रांनो, मी एक जुना, हाताने बनवलेला हेडफोन ॲम्प्लिफायर आहे, आणि आज मी रागातच बोलणार आहे. मोबाइल आणि हेडफोन यांच्या मध्ये बसायचं, बारीक आवाज मोठा आणि स्वच्छ करून कानात पोचवायचा, एवढंच माझं काम. आकाराने मी साबणाच्या वडीएवढा. तरी माझ्यावर असा आळ आला, की ऐकाल तर तुम्हीही चिडाल.

माझा जन्म भिलाईच्या हुडको वसाहतीत, गुलाबरावांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर झाला. गुलाबरावांनी पोलाद कारखान्यात बत्तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. तिथल्या धडधडाटाने त्यांचे कान अधू झाले. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन शिट्ट्या मारायचं, म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. त्यांची नात करिष्मा याच घरात लहानाची मोठी झाली. ती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि रोज आपलं बोलणं रेकॉर्ड करून आबांच्या मोबाइलवर पाठवू लागली. ते आबांना नीट ऐकूच येईना. त्यासाठी त्यांनी मला घडवलं.

माझ्या अंगासाठी त्यांनी बायकोची सुई-दोऱ्याची पत्र्याची डबी न विचारता उचलली. "माह्या सुया कुठं फेकल्या जी?" अंजनाबाई कडाडल्या. गुलाबरावांना ऐकू आलं नाही, निदान त्यांनी तसं दाखवलं. आत एक चौकोनी बॅटरी बसली, चार-दोन भाग डाख देऊन जोडले गेले आणि वर जुन्या रेडिओचं बटण आलं.

आता नीट ऐका, सगळं रामायण त्या बटणाचं आहे. जगात आवाजाचं बटण उजवीकडे फिरवलं की आवाज वाढतो. पण व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो आणि डावीकडे फिरवला की उघडतो. बत्तीस वर्षांची सवय हातात मुरलेली. गुलाबरावांनी माझ्या तारा तशाच जोडल्या, आणि आपण काही उलटं केलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. अंजनाबाईंनी एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्या नळासारखंच हाये." त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी गुलाबरावांनी हेडफोन चढवला आणि करिष्माचं बोलणं लावलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला. "पोरीले सर्दी झाली. मांगं कुकरची शिट्टी वाजून राहिली," ते म्हणाले. अंजनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मित्रांनो, त्या दिवशी मला जी शाबासकी मिळाली, ती आठवली की अजून माझा पत्रा गरम होतो.

तीन वर्षं असं सुखात चाललं. मग भिलाईतल्याच स्मृति नगरातून त्यांचा भाचा पियूष आला. हा हेडफोन आणि स्पीकर ऐकून त्यांचे गुणदोष मोबाइलवर लोकांना सांगतो. स्वतःला कानांचा पंडित समजतो. मला पाहून त्याने लगेच कॅमेरा लावला. आवाज बंद करायचा म्हणून बटण पार डावीकडे फिरवलं, हेडफोन घातला आणि गाणं सुरू केलं.

"अरे बाप रे! मामाजी, ये तो कान फाड़ देगा!"

विचारायला मालक समोर बसला होता की नाही? पण नाही! पंडिताने कॅमेऱ्याकडे तोंड करून निकाल दिला, "दोस्तों, बेस गायब, पीछे से सरसर, और वॉल्यूम का बटन खराब. ये कान का दुश्मन है." बेस, म्हणजे खर्जातला आवाज, कमी आहे, कबूल. अहो, नातीच्या बोलण्यात कुठे ढोल वाजतो? बारीक सरसर आहे, तीही कबूल. पण बटण खराब? माझं बटण एका दिवसासाठीही चुकलेलं नाही! आणि लोकांनी त्यावर अंगठे दाखवले. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे नकार, तिकडे म्हणे ती वाहवा.

सगळ्यात जास्त राग मला गुलाबरावांचा आला. ते नुसते हसत मान हलवत होते. नंतर कळलं, पियूष काय बोलला ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं. अंजनाबाईंनी कानाशी जाऊन सांगितलं, "खराब बनवलं म्हणते तुमचं," तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं. पियूषने नवे बिनतारी हेडफोन दिले आणि माझी रवानगी जुन्या चाव्यांच्या ड्रॉवरमध्ये झाली.

दीड महिना मी तिथे पडून खोलीतलं बोलणं ऐकत होतो. नव्या हेडफोनमध्ये गुलाबरावांना नुसतं घुमायचं. दर वेळी ते एकच सांगायचे, "मजेत हाये म्हणते."

एका दुपारी करिष्माचा निरोप आला. "आबा, मी मजेत आहे. सब ठीक है." बस, एवढाच. गुलाबरावांनी मान हलवली. अंजनाबाई मात्र उठल्या. "रोज दोन मिनिटं बोलते, आज कावून एवढंसंच?" त्यांनी ड्रॉवर ओढला, कोपऱ्यावरच्या दुकानातून बॅटरी आणली आणि नवऱ्याच्या हातात मला ठेवलं. "खराब तं खराब. यानं आयका."

गुलाबरावांचा अंगठा बटणावर आला आणि आपसूक डावीकडे वळला. मी जीव तोडून काम केलं. त्यांनी तो निरोप तीनदा ऐकला.

"नळ टपकून राहिला," ते म्हणाले. "बाथरूमात लपून बोलून राहिली थे. 'मजेत' म्हणताना श्वास अटकला. अंजना, पोरगी रडून राहिली."

त्यांनी मला तसंच जोडलेलं ठेवून लगेच तिला फोन लावला. आधी तिचं नाही-नाही झालं आणि मग हुंदका फुटला. ती शेवटच्या वर्षाच्या एका पेपरात नापास झाली होती. दोन दिवस जेवली नव्हती आणि घरी सांगायची हिंमत नव्हती. कॉलेज सोडून निघून जाणार होती, कुठे ते तिलाही ठाऊक नव्हतं. "तिथंच थांब. मी येऊन राहिलो," गुलाबराव म्हणाले आणि मला शर्टाच्या खिशात टाकून दुर्ग स्टेशनकडे निघाले.

करिष्माने पुढे तो पेपर पुन्हा दिला. पियूषला सगळं कळल्यावर तो वरमला. "मामाजी, बटन उल्टा है, मैं सीधा कर देता हूँ," म्हणत त्याने माझं झाकण उघडायला हात पुढे केला.

"हात नको लावू," गुलाबराव म्हणाले. "बटन बराबर हाये. तू इचारलं नाही."

मित्रांनो, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. कोणाच्या हातची वस्तू उलटी वाटली, तर नावं ठेवण्याआधी तिच्या मालकाला विचारा. मला चार-सहा महिन्यांनी बॅटरी मिळाली आणि धूळ पुसली गेली, तर माझी काही तक्रार नाही. आणि तुमच्या घरचं कोणी "मी मजेत आहे" म्हणालं, तर लगेच मान हलवू नका. त्याचा पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत थांबा.