खंडेनवमीनंतरचा कॉल

मी पेचकस बोलतोय. पुस्तकी मराठीत मला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. नागपुरात सगळे पेचकसच म्हणतात आणि तेवढं मला पुरतं. लाल मूठ, चौफुली टोक, अंगभर ओरखडे. रूपाने मी कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही, पण मी स्क्रूत फिरलो नाही तर भल्याभल्या कचेऱ्यांचा कारभार ठप्प होतो.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यातला. तिथून खोक्यात बसून इतवारीच्या दुकानात आलो. रुपरावांनी मला उचललं, दोनदा बोटांत फिरवून पाहिलं आणि खिशात टाकलं. भाव केला नाही. पुढे कळलं, घासाघीस करणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

रुपराव ऑफिसातली मशिनं दुरुस्त करायचे. आधी टाइपरायटर, मग झेरॉक्स, मग प्रिंटर. मशिनं बदलली तसे ते नवं शिकत गेले. सीताबर्डीवर चंद्रभानभाऊंची एजन्सी आहे, तिथे ते कामाला. नोकरी म्हणावी तर नियुक्तीचा कागद नाही, फंड नाही, पगारी रजा नाही. दुरुस्तीचा कॉल आला तर पैसे, नाही तर हरी हरी. उन्हाळ्यात अर्धं नागपूर सुट्टीवर जायचं तेव्हा आम्ही दोघं दुकानाच्या बाकावर फोन वाजायची वाट पाहत बसायचो. लाखाची मशिनं ज्यांच्या भरवशावर चालतात त्यांच्या घरची डाळ महिनाअखेरीला पातळ व्हायची. मला याचा राग येई. त्यांना येत नसे, आणि त्याचा मला जास्त राग येई.

एजन्सीचा एक नियम होता, आजही आहे. दुरुस्त केलेलं मशीन महिन्याच्या आत पुन्हा बिघडलं, तर तो ‘रिपीट’ कॉल. म्हणजे आधीचं काम कच्चं होतं. जा आणि फुकटात करून या. नियम तसा वाजवी आहे. कच्चं काम करणाऱ्याची गय कशाला करायची?

पण खंडेनवमीचं काय?

खंडेनवमीला प्रत्येक कचेरीत यंत्रांची पूजा होते. पूजेआधी मशीन चकाचक हवं म्हणून आम्हाला बोलावणं येतं. आम्ही उघडतो, पुसतो, तेलपाणी करतो, नीट चालवून दाखवतो. मग नवमीला तीच मंडळी काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, झेंडूची माळ घालतात आणि मूठमूठ अक्षता उधळतात. तांदूळ जातो रोलरमध्ये. एका हौशी साहेबांनी तर नारळ मशीनच्या कोपऱ्यावरच फोडला होता! दसऱ्याची सुट्टी संपली की फोन सुरू. कागद अडकतो, कॉपीवर काळा पट्टा येतो. आणि हे सगळे कॉल ‘रिपीट’ ठरतात.

रुपरावांनी अशा फुकटच्या फेऱ्या जन्मभर मारल्या. “सण हाय बाप्पा, चालाचंच,” म्हणायचे आणि मिळालेला पेढा नातवंडांसाठी खिशात ठेवायचे. गुडघे गेले तेव्हा एजन्सीने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. बस, तेवढंच.

निघताना त्यांनी मला त्यांच्या जागी आलेल्या नंदिनीच्या हातात ठेवलं.

नंदिनी नागपुरातल्याच इंदोऱ्याची. आयटीआय केलेली, मोपेडवरून हिंगण्यापासून कोराडी रोडपर्यंत साऱ्या शहराला वळसा घालणारी. तिची पकड रुपरावांपेक्षा हलकी, पण ती मनाची चिवट. घट्ट बसलेल्या स्क्रूला ती शिव्या देत नाही. थेंबभर तेल सोडते, थांबते आणि पुन्हा जोर लावते. मला ती पहिल्याच दिवशी आवडली.

तिचा मोठा भाऊ धम्मानंद मात्र रोज टोकायचा.

“काहून जीव काढून राहिली तू? कागदच बंद होऊन राहिला. उद्या ह्या मशीनी भंगारात जातील. माझ्या ओळखीच्या ऑफिसात टायपिंगची जागा हाय, बांधलेला पगार हाय.”

“कागद गेला तर दुसरं काही येईन, दादा. बिघडाचं थोडीच थांबते? मले हेच काम येते अन् हेच कराचं हाय.”

“मंग दिवाळीपर्यंत वाट पाय. तोवर हाती काही नीट पडलं नाई, तर माझं ऐक.”

ती “बरं” म्हणाली. घरी आई आजारी, भावावर ओढाताण. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

यंदा दसऱ्याला ती सगळ्या घरासोबत दीक्षाभूमीवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्याकडून बोलावणं आलं. नवमीआधी तिनेच पुसून दिलेलं मशीन उघडलं तर आत अक्षतांचा सडा.

“यंदा पूजा मोठी केली, ताई,” अडत्या अभिमानाने म्हणाला.

“दिसून राहिली, भाऊ,” नंदिनी म्हणाली आणि एकेक दाणा वेचून कागदाच्या पुडीत घालू लागली.

दुकानात परतली तर चंद्रभानभाऊंनी तो कॉल ‘रिपीट’मध्ये टाकलेला. वर तसेच आणखी कॉल तिची वाट पाहत होते. तिने पुडी काउंटरवर उघडली.

“भाऊ, हे तांदूळ माह्या कामातले नाई. हा कॉल नवा लिहा.”

“दरसाल असंच होते वं. रुपराव कधी बोलले का?”

“ते नाई बोलले. मी बोलून राहिली. नवा लिहा, मंग बाकीचे करतो.”

तिने बॅग काउंटरवर ठेवली आणि बाकावर बसली. मी बॅगेत होतो. चेन उघडीच होती. ती उठली नाही. दिवाळी जवळ आली होती, आणि चंद्रभानभाऊंनी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं असतं तर तिचा हा धंदा तिथेच संपला असता.

त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी रुपरावांना फोन लावला. कधीच नाही न म्हणणारा माणूस, फुकटात करून देईल, हा त्यांचा हिशेब.

रुपराव ऑटोने आले. गुडघा धरत पायऱ्या चढले. चंद्रभानभाऊंनी सगळं सांगितलं. नंदिनी उठली, बॅगेतून मला काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्या क्षणी मला तिची दया आली आणि ते पुन्हा ‘चालाचंच’ म्हणतील अशी भीती वाटली. ओळखीची जुनी पकड माझ्याभोवती आवळली. त्यांची नजर काउंटरवरच्या त्या तांदळांवर खिळली होती.

“चंद्रभानभाऊ,” ते म्हणाले, “कॉल नवा लिहा.”

“रुपराव, तुम्हीबी?”

“लिहा. नाई तर मीबी हात लावत नाई.”

कोराडी रोडवरच्या पतसंस्थेचा फोन आला, पाच मिनिटांनी पुन्हा आला. चंद्रभानभाऊंनी कपाळाला हात लावला आणि कॉल नवा लिहिला. पाठोपाठ बाकीचेही.

“आता पगाराचं बोलू, भाऊ,” नंदिनी लगेच म्हणाली.

“दिवाळीनंतर पाहू.”

“दिवाळीआधी.”

ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. ती उद्या पुन्हा विचारणार आहे, परवाही विचारणार आहे. तिला मी ओळखतो.

तर माणसांनो, आमची पूजा खुशाल करा. पण बॅग घेऊन तुमच्या दारी येणाऱ्याला नुसता पेढा देऊन वाटेला लावू नका. त्याचं काम काम म्हणून मोजा, आणि त्याचं घर चालेल एवढं द्या.

मी आता पुन्हा नंदिनीच्या बॅगेत आहे. त्या दिवशी मला तिच्या हवाली करून रुपराव दुकानाच्या पायरीवर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत. नंदिनीने पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. ग्लास तसाच धरून तिला विचारत राहिले,

“येवढंच म्हणाचं होतं का वं, पोरी? येवढंच?”