एकसारखा आवाज

"खाली बघू नका," म्हणत सुनेने हॅलोबाईंच्या दोन्ही हातांवर नॅपकिन टाकला.

"अगं, अक्षर दिसल्याशिवाय मारू कसं?"

"फोन जोडताना बघत होता का?"

हॅलोबाईंनी नॅपकिनखाली बोटं कळांवर ठेवली. रुग्णालयाच्या टेलिफोन खोलीत त्यांची सगळी नोकरी पार पडली होती. सकाळपासून "हॅलो, बोला" चालू असायचं, म्हणून हे नाव पडलं. कुठल्या वॉर्डाचा नंबर काय, कोणते डॉक्टर या वेळी कुठे सापडतील, हे बोटांना पाठ होतं. आता फोन आपोआप लागणार होते आणि खोली बंद होणार होती. साहेबांनी आडपडदा ठेवला नाही. "टायपिंगची परीक्षा पास व्हा, नोंद विभागात घेतो. नाहीतर लवकर निवृत्ती घ्या." मिनिटाला तीस शब्द हवे होते.

मुलगा म्हणाला होता, "आई, या वयात कशाला डोक्याला ताप? आराम कर की."

"आराम करायला मी काय आजारी आहे?"

तेव्हा कपड्यांच्या घड्या घालता घालता सून म्हणाली होती, "मी शिकवते."

चार वर्षं एका घरात राहून दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं. भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. स्वयंपाकघरात सासू सांगायची, सून ऐकायची. आता मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर उलटं झालं. आणि सून भारी कडक निघाली. पहिले कित्येक दिवस तिने कळांच्या मधल्या ओळीच्या पुढे जाऊच दिलं नाही. करंगळी उचलली की "परत." पाठ वाकली की "परत."

"मला वेग हवाय, तू मला बाराखडीत बसवलंयस," हॅलोबाई एकदा वैतागल्या.

"वेगाच्या मागे लागू नका, आई. आधी चुका थांबू देत. वेग येतो मागून."

हॅलोबाईंना ते पटलं नाही. सकाळची पाळी संपवून घरी आल्यावर, दुपारी सून आडवी झाली की त्या दार लोटून घ्यायच्या आणि दोन बोटांनी धडाधड टायपिंग करायच्या. पान भरायचं, जिवाला बरं वाटायचं. चौथ्या दिवशी चहा देताना सून म्हणाली, "दुपारी दोन बोटांनी मारताय ना?"

"झोपली होतीस ना तू?"

"झोपेतही कळतं. दोन बोटांचा आवाज लंगडतो." तिने कप खाली ठेवला. "तुम्ही नुसत्या हॅलोवरून ओळखता, माणूस घाबरलाय की रागावलाय. मग हेही ऐका. प्रत्येक कळ सारखी वाजायला हवी. हळू वाजली तरी चालेल."

हॅलोबाईंनी चहा तसाच राहू दिला आणि पुन्हा मधल्या ओळीवर बोटं ठेवली. डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांच्याच कानांना कळलं, डावी अनामिका दर वेळी मागे राहत होती. मग त्या बोटाला त्यांनी कामाला लावलं. भाजी निवडताना, बसमध्ये पर्सवर, टेलिफोन खोलीत दोन फोनांच्या मधल्या वेळात टेबलाच्या कडेवर. वॉर्डबॉय म्हणाला, "हॅलोबाई, तबला शिकताय का?"

"हो, तुझ्या लग्नात वाजवायचाय," त्या म्हणाल्या आणि बोट चालूच ठेवलं.

शेवटच्या आठवड्यात सुनेने घरातच परीक्षा मांडली. कधीही न वाचलेला उतारा, पाठीला टेकू नसलेलं स्टूल आणि मुद्दाम मोठा लावलेला टीव्ही. चूक झाली तरी मागे जायचं नाही. दहा मिनिटं संपल्यावर हॅलोबाई कपाळ पुसत म्हणाल्या, "एवढं सगळं तू कुठे शिकलीस गं?"

"लग्नाआधी क्लासमध्ये शिकवत होते. मुली पास व्हायच्या माझ्या."

"कधी बोलली नाहीस."

"विषयच निघाला नाही."

विषय कुणी काढायचा होता, हे हॅलोबाईंना कळलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "दे, अजून एक उतारा दे."

परीक्षेच्या दिवशी शेजारी विशीतली एक मुलगी बसली होती. सूचना मिळताच ती गारा पडाव्यात तशी सुटली. हॅलोबाईंचे हात आपोआप तिच्या मागे धावले आणि उजवा हात एक कळ सरकला. पडद्यावर अर्धी ओळ भलतीच उमटली. खोडायची परवानगी नव्हती. त्यांनी हात उचलले, मांडीवर ठेवले, एक श्वास घेतला. मग मधल्या ओळीतल्या, बोटाला उठाव लागणाऱ्या दोन कळा चाचपून बोटं जागेवर आणली आणि आपल्या चालीने निघाल्या. शेजारचा आवाज हळूहळू कानावर येईनासा झाला. घंटा झाली तेव्हा त्या उताऱ्याच्या शेवटच्या ओळीत होत्या.

निकाल लागला त्या दुपारी हेडक्लार्क म्हणाले, "झालात पास. पण अगदी काठावर हं."

"काठावर तर काठावर. बुडाले नाही ना?"

सही करून त्या टेलिफोन खोलीकडे गेल्या. फोन जोडायचा बोर्ड काढून नेला होता. भिंतीवर त्याच्या आकाराची फिकट जागा होती आणि तोंड बांधलेल्या वायरी लोंबत होत्या. त्यांनी आपला पाण्याचा पेला पिशवीत टाकला, दिवा बंद केला आणि बस पकडली.

घराचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आतून कळांचा आवाज येत होता. असा आवाज त्यांनी या घरात कधी ऐकला नव्हता. भरभर, सलग, कुठेही न अडखळणारा. शिकवताना सुनेने एकदाही इतक्या वेगाने हात चालवून दाखवला नव्हता. ती दाराकडे पाठ करून बसली होती. मान ताठ, नजर खिडकीबाहेर. पदर खांद्यावरून घसरला होता, त्याचंही भान नव्हतं.

हॅलोबाईंनी हाक मारली नाही. चपलाही काढल्या नाहीत. पिशवी हळूच भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यात उभ्या राहून त्या तिचं पान संपेपर्यंत ऐकत राहिल्या.