गाडलेल्या वॉल्व्हची चावी

मी एक जुनी लोखंडी चावी आहे, मित्रांनो. पण कपाटाची नव्हे, पाण्याची. कमरेइतकी उंच, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. भिंगारच्या एका लोहाराने मला घडवले आणि नगरच्या एका उपनगरात पाणी सोडणाऱ्या शमशेरभाईंच्या हाती दिले. तीस वर्षे मी त्यांच्या हातात राबले.

तेव्हा तिथे ज्वारी डुलायची. मग मळ्यांचे प्लॉट पडले, प्लॉटांच्या कॉलन्या झाल्या. तिसगाव-पुणतांब्याकडची माणसे मुलांच्या शाळेसाठी येऊन घरे बांधू लागली. शेजाऱ्याला शेजारी ओळखत नसे, पण शमशेरभाईंना सगळे ओळखत. पाणी सोडण्याआधी ते वॉल्व्हच्या झाकणावर माझे तीन ठोके देत. दोन झटपट, तिसरा जरा थांबून. "उठा बायांनो, पानी आलं!" अशी हाक दिली की घरोघरी हंडे-कळश्या खणखणत. मी तर पाटलीणबाईच्या तोऱ्यात असे!

मग चिंचमळा कॉलनीच्या शेवटच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता निघाला. कामापुरता शमशेरभाईंनी तिथला वॉल्व्ह बंद केला आणि भाचीच्या लग्नाला कोल्हारला गेले. परतले तर झाकण गायब. ठेकेदाराच्या माणसांनी त्याच्यावरूनच काँक्रीट ओतले होते. तो वॉल्व्ह नकाशावर कधी चढलाच नव्हता. तो होता शमशेरभाईंच्या डोक्यात, चिंचेपासून अकरा पावलांवर. आणि चिंच तर रस्त्यासाठी कधीच तोडलेली!

पंधरा घरे टँकरवर आली. शेवटच्या घरात कडूबाई एकट्या राहत. सत्तरी उलटलेली; टँकरचा हंडा घरी नेताना त्या तो दोनदा खाली टेकवत. ते बघून शमशेरभाई मान खाली घालत.

"बंद म्या केला, मावशी. उघडनार बी मीच."

रोज पहाटे ते मला घेऊन येत, रस्त्यावर ठोकत, कान देऊन ऐकत. लोक म्हणत, म्हातारा कामातून गेला. एका पहाटे कडूबाईंच्या दारासमोर, विजेच्या खांबाशी, माझ्या अंगातून पोकळ आवाज चढला. शमशेरभाई हसले. खात्री करायला पुन्हा ठोकले, दोन झटपट... आणि तिसरा पडलाच नाही. छातीवर हात धरून ते खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

ती जागा आता मला एकटीलाच ठाऊक होती, मित्रांनो, आणि मला बोलता येत नव्हते.

त्यांच्या मुलीने, सुमैराने, मला घरी नेऊन दाराआड उभे केले. अंगावर गंज चढू लागला. तरी रोज पहाटे माझी मूठ कोमट होई, कुणी नुकतीच सोडावी तशी. मला भीती वाटे. त्याहून जास्त वाटे ते वाईट.

शमशेरभाईंच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कडूबाई आल्या. जेवल्या नाहीत. सुमैराचा हात धरून म्हणाल्या, "पोरी, रोज पहाटं माझ्या दाराम्होरं ठोके पडत्यात. खांबापाशी. दोनच. तिसऱ्याची वाट बघून जीव जातोय माझा. तुझा बाप हाय त्यो, मी वळखते."

पाहुण्यांतले काही हसले. सुमैरा हसली नाही. "मावशी, मलाबी रोज त्याच वक्ताला जाग येते," ती म्हणाली.

दुसऱ्या पहाटे ती मला घेऊन खांबापाशी उभी राहिली. तिने एकच ठोका दिला. जरा थांबून, राहिलेला तिसरा द्यावा तसा.

खालून पोकळ आवाज आला.

उजाडल्यावर शेजाऱ्यांनी काँक्रीट फोडले. झाकण निघाले. वॉल्व्ह अडकला होता. सुमैरा आणि कडूबाई, दोघींनी मिळून मला फिरवले. नळातून आधी नुसती हवा आली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. कडूबाईंनी पहिला तांब्या घरात नेला नाही. शमशेरभाई जिथे बसले होते तिथे ओतला.

"आता निजा, शमशेरभाई," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून ठोके थांबले. माझी मूठही पहाटे गारच असते. मित्रांनो, रस्ते खुशाल बांधा. पण जमीन झाकण्याआधी, खाली काय आहे ते जाणणाऱ्या म्हाताऱ्याला एकदा विचारा. तो हयात असतानाच विचारा.