दीड ओळ

“सायंटिसचं घर ना? ते काय, दोरीवर बोंबील वाळतायत ते,” घिवलीच्या नाक्यावरची बाई म्हणाली आणि पदराआड हसली.

प्रियदर्शिनीला बरं वाटलं. गाव दिनानाथकाकांना मान देतं म्हणायचं.

ती पालघरच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायची. यंत्र चालवणारा प्रोग्राम कधीच चुकणार नाही, हे गणितानं सिद्ध करायचं, हा तिचा विषय. एकोणीस वर्षांपूर्वीच्या तिच्या पहिल्या शोधनिबंधाचा आधार जगभरातल्या चारशे बारा निबंधांनी घेतला होता. नंतर लिहिलेल्या सगळ्यांचा मिळून चाळीसांनीही नाही.

त्या पहिल्या निबंधाचा जीव म्हणजे काकांची आकृती. तारापूरच्या एका कारखान्यात काका ऑपरेटर होते आणि ती अभ्यासासाठी आलेली विद्यार्थिनी. तिची सिद्धता ऐकून ते म्हणाले होते, “बाय, लाईट गेली का वाल हाय तिथंच ऱ्हातो. लाईट आली का प्यानलला वाटतं, सगळं बंद हाय. ह्ये तू कुठं धरलंस?” मग कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी आठ चौकोन काढले. तीन वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडे नाहीतर बंद, शक्यता आठच. पहिला आणि तिसरा वाल एकदम उघडे, अशा धोक्याच्या दोन चौकोनांवर त्यांनी फुली मारली.

निबंधात तिनं लिहिलं, ‘एका कामगाराशी झालेलं बोलणं’. ऑपरेटरचं नाव घातलं तर निबंध हलका दिसेल, असं मार्गदर्शक म्हणाले होते. ती चोवीस वर्षांची होती. तिनं नाव गाळलं.

गेल्या वर्षी बोईसरच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. गायकानं घाईत अभंगाचं शेवटचं चरण गाळलं, तसा बुवांनी हात वर करून मृदंग थांबवला. “ज्याचा अभंग त्याचं नाव घ्या, मगच पुढं. नाव गाळलं की चोरी झाली, माउली, गळा कितीही गोड असो!” मंडप हसला, विठ्ठल विठ्ठल झालं. हे तिनं लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी मात्र हातावरचा काला तसाच घेऊन ती उठली. घरी येताच तिनं निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. आठ महिन्यांनी दुरुस्ती छापून आली. दीड ओळ.

तोच कागद काकांनी आता आपल्या अंगणात हात लांबवून धरला होता.

“यात माझं नाव हाय?”

“हो काका. हे इथं.”

“फोरमनची जागा निघाली तवा सायबाला सांगितलं, माझ्या आकृतीवर परदेशात छापून आलंय. सायबानं कंपूटरवर काढून बगितलं. म्हणे, तुजं नाव कुठं हाय? सगळं डिपार्टमेंट हसलं. त्या दिवशी संगं कामाला व्हता त्या बन्सीनं नाव ठेवलं, सायंटिस.”

“गावात कुनी थाप मारली तरी म्हंतात, सायंटिस झाला काय रं,” बोंबील उलटता उलटता ठकीकाकी म्हणाल्या.

नाक्यावरचं ते हसू प्रियदर्शिनीला आता कळलं.

“माझं चुकलं, काका.”

“तवा तू ल्हान व्हतीस. पन मंग एवढी वर्सं काय करीत व्हतीस?” आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

“आनि तू सांगितलीस ती चारशे बारा मानसं, तुजा निबंध वापरनारी? ती आता ह्ये वाचतील?”

सिद्ध झाल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही, यातच तिचा जन्म गेला होता. “नाही, काका. सगळे जुना निबंधच वाचतात. दुरुस्तीपर्यंत कुणी जात नाही.”

काका उठून अंगणाच्या कडेला आले. शेजारच्या घराला कुलूप होतं.

“बन्सीचं घर. वैशाखात वारला. पोरं वसईला ऱ्हातात.” त्यांनी कागद तिच्या हातात दिला. “वाच. मोठ्यानं वाच.”

तिनं इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं, “या निबंधातली आठ चौकोनांची आकृती आणि वीज परत आल्यावर होणाऱ्या चुकीचा शोध श्री. दिनानाथ विश्राम तांडेल यांचा आहे.”

“परत,” बंद दाराकडं बघत काका म्हणाले.

तिनं परत वाचलं. ठकीकाकींनी हातातला बोंबील खाली ठेवला आणि डोक्यावरून पदर घेतला.