विहीणबाईंच्या तेलाचा साबण

असुसेनाच्या लग्नात पाहुण्यांच्या हातावर काय ठेवायचं, यावर घरात बरेच दिवस खल चालला होता. शेवटी तिच्या आईने, ओतिलियाने, तो संपवून टाकला. मिठाच्या साबणाच्या वड्या द्यायच्या. बाप कुयुत्लानच्या मिठागरात राबतो, परसात माड उभे आहेत, मग बाजारातले प्लास्टिकचे हंस कशाला वाटायचे?

ओतिलियाच्या साबणाला गावात नाव होतं आणि तेलाच्या बाबतीत तिचं मत पक्कं होतं. मीठ हा फेसाचा वैरी. बाकीची तेलं मिठापुढे मान टाकतात, एकटं खोबरेल त्याच्याशी भांडून फेस काढतं. म्हणून खोबरेल भरपूर घ्यायचं, फेस टिकावा म्हणून वर थोडं एरंडेल, आणि कॉस्टिक सोडा जरा हात राखून घालायचा. म्हणजे थोडं तेल साबणात तसंच उरतं, नाहीतर अंग नुसतं खरखरीत होतं. तिचा नवरा चेंचो म्हणायचा, की आपला संसारही असाच चाललाय, तू मीठ आणि मी खोबरेल.

"तू एरंडेल," ओतिलिया म्हणायची. "थोडंसंच बरं."

साबणाची बातमी फोनवरून समुद्रापासून दूर, डोंगरातल्या उरुआपानला, मुलाकडच्यांकडे पोचली. पुढच्याच आठवड्यात नवरामुलगा फेर्मिन एक भलामोठा डबा घेऊन दारात उभा राहिला. डब्यात अवोकाडोचं तेल होतं, हिरवंगार. आईने तुमच्यासाठी पाठवलंय, एवढं तो ओतिलियाला म्हणाला आणि त्याची नजर असुसेनाला शोधायला लागली. पुढचं काही त्याच्या तोंडून आलंच नाही.

ओतिलियाने डब्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं, म्हणजे समजलं असं तिला वाटलं. विहीणबाईंना आमचं खोबरेल चालत नाही. त्यांच्या पाहुण्यांच्या अंगाला ते टोचेल. एर्मिनियाबाईंना ती एकदाच भेटली होती, मागणी घालायला आल्या तेव्हा. तेव्हा ताटातला मासा खाऊन त्या म्हणाल्या होत्या, "इथल्या माशाला अगदी समुद्राची चव आहे हो." हे कौतुक की टोमणा, याचा उलगडा ओतिलियाला अजून झाला नव्हता.

"आई, फोन करून विचार ना कशासाठी पाठवलंय ते," असुसेना म्हणाली.

विचारायचं काय त्यात, ओतिलियाने तिला गप्प केलं. विहिणीने पाठवलेल्या भेटीबद्दल प्रश्न विचारला तर ती म्हणणार, मुलीकडच्यांना रीत नाही. चेंचोने सुचवलं, की खोबरेलात थोडं मिसळ आणि मोकळी हो. पण ओतिलियाच्या अंगात आलं होतं. त्यांचंच तेल, त्यांच्याच हातांना. दुसऱ्या तेलाचा थेंब घालायचा नाही. बघू दे काय होतं ते.

काय होणार हे तिला ठाऊक होतं आणि तेच झालं. घोटून घोटून हात भरून आले तरी मिश्रण घट्ट होईना. शेवटी कसंबसं आळलं तेव्हा तिने बारीक मीठ घातलं आणि साच्यांत ओतलं. दुसऱ्या दिवशी वड्या काढायला गेली तर त्यांचा भुगा झाला. तिने त्याचे मुठीत दाबून गोळे केले आणि फळीवर मांडून ठेवले. आठवड्यांमागून आठवडे गेले, तरी दमट हवेत ते गोळे घाम येऊन बसलेलेच. असुसेना जाता-येता त्यांना 'बेडकं' म्हणायची.

लग्नाला दोनेक महिने होते तेव्हा एर्मिनियाबाई हॉल बघायला आल्या. ओतिलियाने जेवण चांगलं केलं, आग्रह केला, आणि जेवणं झाल्यावर त्यांना परसातल्या दगडी हौदाशी नेऊन हातावर एक बेडूक ठेवलं.

एर्मिनियाबाईंनी हात चोळले. पाणी घेतलं, पुन्हा चोळले. फेसाचा एक बुडबुडा येईल तर शपथ. हातावर नुसता हिरवट बुळबुळीत थर आला. ओतिलिया टॉवेल धरून शेजारी उभी होती आणि मनातून तिला बरं वाटत होतं, त्याची थोडी लाजही वाटत होती.

"फार शांत साबण आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"तुमच्याच तेलाचा आहे."

त्यांचे हात थांबले. "माझ्या?"

"फेर्मिनबरोबर पाठवलंत ना, तेच."

एर्मिनियाबाईंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण बाई मुरलेल्या होत्या. "सगळं तेल?" त्यांनी हळूच विचारलं. निम्मं, असं कळल्यावर त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि चांगलं केलंत म्हणाल्या. देवाचे आभार नेमके कशाबद्दल, हे ओतिलियाला कळेना.

तेवढ्यात चेंचो मिठागरावरून आला, कोपरापर्यंत पांढरा. व्याह्यांच्या घरची बाई उभी आहे म्हणून त्याने टोपी काढली, नमस्कार केला, आणि समोर दिसला तो साबण उचलून हातांना फासला.

"ओतिलिया," तो म्हणाला, "हा साबण आहे की मेलेला मासा?"

पहिल्यांदा हसल्या त्या एर्मिनियाबाई. इतक्या, की त्यांना हौदाच्या कठड्यावर बसावं लागलं. डोळे पुसत त्यांनी सांगितलं ते असं. ते तेल त्यांच्या भावाच्या बागेतलं, हंगामातलं पहिलं. मागणीच्या दिवशी तो मासा त्यांच्या जिभेवर राहिला होता, म्हणून लग्नातला मासा तळायला त्यांनी ते पाठवलं होतं. स्वयंपाकघरात दे, असं मुलाला दोनदा बजावलं होतं. "आणि मी इथे हात चोळतेय आणि मनात म्हणतेय, कसली तालेवार माणसं आहेत ही, असलं तेल हाताला फासतात. वर फेसही नाही."

"आणि मी म्हणत होते," ओतिलिया म्हणाली, "कसली बाई आहे, आमच्या खोबरेलाला नाक मुरडते." मग धीर करून तिने समुद्राच्या चवीचंही विचारून टाकलं.

"अहो, आमच्याकडे येईपर्यंत मासा समुद्र विसरलेला असतो," एर्मिनियाबाई म्हणाल्या. "दुसरं काय म्हणणार मी?"

ओतिलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी अंगावरचं ओझं उतरल्यासारखंही.

त्या रात्री एर्मिनियाबाई राहिल्या. सकाळी त्यांनी ॲप्रन बांधला आणि दोघी साबणाला बसल्या. खोबरेल ओतिलियाने ओतलं, एरंडेलही. आता माझ्या तेलाचाही मान ठेवा, विहीणबाई म्हणाल्या. ओतिलियाने चमच्याने मोजून घातलं. मोजताना हात इतका आखडला होता, की ती मीठ आणायला वळताच एर्मिनियाबाईंनी डबा थोडा कलता केला. ओतिलियाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एवढं तेल साबणाला सोसतं, उलट अंगाला मऊ लागतं. मीठ पडल्यावर साबण बघता बघता दगड होतो, म्हणून गरम असतानाच कापावा लागला. वड्या कुणाच्या सरळ आल्या यावर जेवणापर्यंत वाद झाला.

लग्न नीट पार पडलं. उरलेल्या तेलात तळलेल्या माशाची ताटं पुन्हा पुन्हा भरावी लागली. साबणाला पांढराशुभ्र, दाट फेस आला, आणि तो कुणाच्या तेलाचा हे दोघी विहिणी पाहुण्यांना आपापल्या परीने सांगत फिरल्या. फेर्मिनवर मात्र दोन्ही घरांचा विश्वास उडाला तो उडालाच. आता निरोप कुठलाही असो, दोघी थेट एकमेकींनाच फोन करतात, आणि एकदा लागल्या की तासभर हटत नाहीत. असुसेनाची तक्रार आहे, की सासूशी बोलायचं तर आईचा फोन संपेपर्यंत थांबावं लागतं.