सुटली म्हणा, आई

सासूबाईंनी एक शब्द उच्चारला असता तर काम झालं असतं. “सुटली.” एवढंच. पण त्या ओठ आवळून बसल्या होत्या आणि माझं डोकं फिरलं होतं.

माझ्या अनुष्काच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. नऊ वर्षांची पोर, डायलिसिस करून करून वाळून गेलीय. माझी किडनी जुळत नाही, विराजची जुळते. ऑपरेशनची तारीख हॉस्पिटलला आजच कळवायची होती. आणि हा माझा नवरा म्हणत होता, “आईची शपथ आहे.”

सासरे नागपूरला ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. त्याच दिवशी सासूबाईंनी विराजला स्वतःची शपथ घातली, की अंगाला कधी सुरी लावून घ्यायची नाही.

“घरात बाबासाहेबांची तसबीर, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि शपथेला घाबरतोस? भित्रा कुठला!” मी ओरडले.

आमच्या या परदेशी उपनगरातली, स्कोफिल्ड्समधली घरं इतकी खेटून, की शेजारची ब्रिजिड धावत आली. म्हातारी मूळची आयर्लंडची, गेलिक बोलत वाढलेली. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

“आमच्याकडे ‘ग्याल’ म्हणतात,” ती म्हणाली. “ग्याल म्हणजे वचन. गहाण ठेवलेली वस्तू, तीही ग्याल. आणि पैजसुद्धा. वचन मोडलं की गहाण बुडतं.” मग विराजला विचारलं, “तू काय गहाण ठेवलंयस?”

विराजने आईकडे पाहिलं.

“हिला,” तो मराठीतच म्हणाला. “मी शपथ मोडली आणि हिला काही झालं तर?”

मला वाटत होतं, त्याला स्वतःच्या जिवाची भीती आहे. जीभ चावली मी.

सासूबाई ताडकन म्हणाल्या, “अरे वेड्या, तू जगावास म्हणून घातली मी शपथ. माझ्या जिवाचा कसला घोर लावून घेतोस?”

“मग सुटली म्हणा ना, आई.” मी हात जोडले.

“नाही गं म्हणवत.” त्यांचा आवाज फाटला. “त्याचं काही बरंवाईट झालं तर मीच त्याला पाठवलं असं होईल. माझ्या तोंडून नाही निघायचं ते.” त्या विराजकडे वळल्या. “तू मोड. सरळ मोड. जे व्हायचं ते माझं होऊ दे.”

विराजने हॉस्पिटलला फोन लावला. “येस,” तो म्हणाला, “आय विल डू इट.”

सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण तेवढं कळलं. खुर्ची दोन्ही हातांनी गच्च धरून त्यांनी डोळे मिटले.

आणि खरं सांगते, मी त्यांच्या छातीकडे टक लावून बघत होते. श्वास चालतोय ना म्हणून.