टरबुजावरचं विमान

ऐका तर! उमरखेडची गोष्ट. बासष्टचा मे महिना, ऊन असं का उंबऱ्याबाहेर पाय ठेवला तर चर्रर्र! सुचित्रा तवा सातवीत. तिचा भाऊ मधुसूदन लंडनात शिके. तिथून त्याले पुढं सॅनफ्रान्सिस्कोले जायचं होतं, तेबी विमानानं. अन् आईनं काय करावं? "त्याचं विमान टेकेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही!" बाबा दौऱ्यावर. तिले अडवते कोण?

पत्रात एवढंच, का आपल्याकडे पहाटेचे पाच वाजले का विमान सुटन, ताशी पाचशे मैल चालन. उतरन कधी, तेच दादा लिहाले विसरला! मग सुचित्रानं भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. साडेआठ हजार मैल. सतरा तास.

"आई, रात्रीचे दहा वाजतील."

"वाजू देत."

दुपारी बारालेच आईचे ओठ वाळून पापड. सुचित्रा माठाकडे पाहे, आईकडे पाहे. स्वतः पाणी प्यायचीबी तिले लाज वाटे. तेवढ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बिजलीबाई आली, डोक्यावर पैनगंगेच्या वाळूतले टरबूज. आईचं तोंड पाहून तिनं टोपलं खालीच टेकवलं.

"काहून वं पोरी, तुह्या याडीले, आईले, काय झालं?"

सुचित्रानं सारं सांगितलं, नकाशाबी दाखवला. बिजलीबाई कंबरेवर हात ठेवून हसली. "दुनिया अशी चटईवानी असते का वं? शाळेत काय सांगतेत तुले?"

"गोल आहे म्हणतात."

"मंग गोलावर मोज ना! कायले भिंतीवर मोजून राह्यली?" अन् सगळ्यात गोल टरबूज तिच्या मांडीत!

देठ झाला उत्तर ध्रुव. टरबुजाचे पट्टे झाले रेखांश. पुस्तकात पाहून पाहून सुचित्रानं निळ्या पेन्सिलीनं दोन ठिपके दिले, एक लंडनचा, एक सॅनफ्रान्सिस्कोचा. बिजलीबाईनं ओढणीच्या कशिद्यातला लाल दोरा उसवला, दोघींनी ताणला, अन् दोरा काही आडवा राहीचना! सुर्रकन देठाकडे सरकला, पार बर्फातून!

"माहा सासरा बैलावर मीठ नेत जाय," बिजलीबाई म्हणाली. "सडक लांबून वळे, त्याचे बैल डोंगरावरून पह्यले पोचत."

टरबुजाचा घेर म्हणजे पंचवीस हजार मैल. दोरा भरला त्याचा पाचवा हिस्सा अन् जरासा वर. सुचित्रानं तीनदा भागाकार केला. अकरा तास!

"आई, चार वाजताच!"

"आणि चुकलं असलं तर?" आईचा आवाज निघत नव्हता.

चुकलं तर दादा आभाळात अन् आईचा नेम मोडलेला. सुचित्रानं दोरा पुन्हा ताणला. दोरा पुन्हा तिथंच.

"नाही चुकत, आई."

चार वाजले. आईनं वरून पाव तास थांबून पाह्यलं. मग बिजलीबाईनं विळा उचलला.

"थांब," आई म्हणाली. "तो जिथं उतरला ती फोड राहू दे. बाकीची दुनिया दे मला."

ती निळ्या ठिपक्याची फोड माठाजवळच्या गारव्यात झाकून राह्यली. दुसऱ्या दिवशी तार आली. सुखरूप! आईनं ती कोमेजलेली फोड बियांसकट खाल्ली.

आता सुचित्रा कॉलेजात, नागपूरच्या होस्टेलात असते. तो लाल दोरा तिच्या कंपासपेटीत आहे अजून. घरची आठवण आली का ती तो बोटाले गुंडाळते, अन् उमरखेड एका बोटाच्या अंतरावर येते.